शाळेने 'असेसमेंट करून घ्या' म्हटलंय... तिथे नक्की काय करतात?

अबोली२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक तिसरीत, सेमी इंग्लिश, आम्ही डोंबिवलीत. बोलायला नुसता पोपट, गोष्ट एकदा ऐकली की आवाज काढून काढून सांगणार, मेकॅनोचे तुकडे जोडून आजोबांना लिफ्ट करून दाखवली त्याने. पण वाचायला बसवलं की पोटात दुखतं, तहान लागते, शू लागते. वही बघितली की माझ्याच पोटात गोळा येतो. मागच्या परीक्षेत 'मगर पाण्यात राहते' याचं 'भगर पाण्यात राहते' लिहून आला, आम्ही घरात हसलो, साबा (सासूबाई) म्हणाल्या बरोबरच आहे की, एकादशीला भिजतच घालते मी. तो पण हसला, आणि मग रात्री झोपताना विचारलं, आई मी ढ आहे का ग. तेव्हापासून मला काही सुचत नाहीये.

आता पीटीएमला बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं की सायकॉलॉजिस्टकडून असेसमेंट करून घ्या. नवरा म्हणतो काही नको, एकदा शिक्का बसला की पुसत नाही. साबा म्हणतात मुलगे उशिराच शिकतात, ह्याचा बापही तसाच होता. मला एवढंच कळत नाहीये की तिथे करतात काय? डोक्याचा फोटो काढतात की प्रश्न विचारतात? आणि त्याने पुढे होतं काय? कुणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

तिखटमीठ

आधी एक पाणी पी आणि शांत हो. आमच्या कन्येचं झालंय सगळं, आता नववीत आहे, छान आहे. रात्री सविस्तर लिहिते, डबे धुवायचेत.

आजोबा५८

आमच्या वेळी एका वर्गात साठ पोरं असायची, असली थेरं नव्हती. पाढे पाठ, शुद्धलेखन रोज पाच ओळी, झालं. आता जरा काही झालं की सायकॉलॉजिस्ट. त्यांची दुकानं चालायला नकोत का?

खिडकीजवळ

अबोली, मी पुण्यात शाळांमध्ये सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते, चौदा वर्षं झाली, म्हणजे आजोबा म्हणतायत ते दुकान माझंच :)

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. डोक्याचा फोटो नाही, रक्त नाही, गोळी नाही. मशीनने यातलं काहीच कळत नाही, दोन-तीन बैठका होतात, प्रत्येक तासाभराची, मूल थकलं की थांबायचं.

पण त्याच्याही आधी डोळे आणि कान तपासून आणा. थट्टा नाही. माझ्याकडे 'लक्षच देत नाही' म्हणून आलेल्या एका मुलीचे दोन्ही कान सर्दीने भरलेले होते, महिनोन्‌महिने. तिला 'त' आणि 'थ' सारखेच ऐकू येत होते तर ती लिहिणार काय.

मग तुमच्याशी बोलणं. मूल बोलायला कधी लागलं, घरात भाषा कुठली, शाळा बदलली का, झोप किती, घरात आणखी कुणाला वाचायचा त्रास होता का (तुमच्या साबा 'बापही तसाच होता' म्हणाल्या ना, ते आवर्जून सांगा, हे घराण्यात चालत येतं). फेअर वह्या आणू नका, रफ वही आणा. मला खाडाखोड बघायची असते, मूल कुठे अडखळतं ते फेअर वहीत दिसत नाही कारण ती अर्धी आईने लिहिलेली असते.

त्यानंतर चाचण्या. एक बुद्धिमत्तेची, आणि एक संच वाचन, लेखन, गणित, लक्ष, बघून आणि ऐकून लक्षात ठेवणं यांचा. आपल्याकडे यासाठी बंगळुरूच्या निम्हान्सचा (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) संच वापरतात. पहिल्या चाचणीतून कळतं की समज कशी आहे, दुसऱ्यातून कळतं की कागदावर काय उतरतंय. तुम्ही लिहिलंय त्यावरून समज चांगली आणि कागदावर गडबड असं चित्र वाटतंय, पण मी इथे बसून निदान करणार नाही, कुणी केलं तर विश्वास ठेवू नका.

आणि खरं सांगू, मला स्वतःला सगळ्यात जास्त कळतं ते वर्गात मागे बसून. एका चौथीच्या मुलाबद्दल तक्रार होती की उद्धट आहे, सारखा उठतो. मी एक तास मागच्या बाकावर बसले आणि नुसत्या खुणा केल्या. पस्तीस मिनिटांत तो पेन्सिलीला टोक करायला अकरा वेळा उठला. अकराही वेळा फळ्यावरून उतरवून घ्यायचं होतं तेव्हाच, तोंडी प्रश्नोत्तरं चालू असताना एकदाही नाही, उलट हात वर. म्हणजे उद्धटपणा वगैरे काही नव्हतंच, फळ्यावरून वहीत हा जो नजरेचा प्रवास आहे ना, त्यात त्याची ओळ हरवत होती आणि ते कुणाला कळू नये म्हणून तो कचऱ्याच्या डब्याकडे पळत होता. बाईंनी त्याला फळ्यावरच्या मजकुराची चिठ्ठी बाकावर द्यायला सुरुवात केली. बास. एवढंच.

अबोली२

अकरा वेळा टोक... आमचा शू ला जातो तसंच की हे. वाचून डोळ्यांत पाणी आलं. मला वाटायचं कामचुकारपणा, ओरडले पण आहे मी.

धुळेकर

त्यात वाईट वाटून घेऊ नका ताई, ओरडतो सगळेच.

माझं सांगतो. मी स्वतः असाच. दहावी १९८८, मराठीच्या पेपरात निबंध म्हणजे लाल शाईचा सडा. ऱ्हस्व-दीर्घ जाऊ द्या, 'घर' लिहिताना 'धर' लिहायचो, सर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि वर्ग खदाखदा हसायचा. आयटीआय केलं, मग डिप्लोमा, आज चांगली नोकरी आहे, बारा माणसं हाताखाली आहेत. तरी आजही ऑफिसचा मेल पाठवायच्या आधी बायकोला वाचायला देतो. पोराचं असेसमेंट झालं तेव्हा त्या मॅडम मला वडिलांचा इतिहास विचारत होत्या आणि मी एकेक 'हो, हो' म्हणत गेलो, शेवटी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला पाणी देऊ का. शिक्का शिक्का म्हणता, शिक्का तर माझ्यावर बसलेलाच होता हो, 'मठ्ठ' नावाचा, तो कुठल्या सायकॉलॉजिस्टने नव्हता मारला. नवऱ्याला हे वाचायला द्या.

तिखटमीठ

आले डबे धुवून. धुळेकर, __/\__

अबोली, कन्येचं वाचन ठीक, आकड्यांचा घोळ. 'त्रेपन्न लिही' म्हटलं की ३५. 'एकोणसत्तर'ला तर रडायचीच, कारण त्यात ना सहा ऐकू येतो ना नऊ, सत्तर ऐकू येतं म्हणून ७९ नाहीतर ७१. आम्ही तिला रोज अंक लिहून घेत बसायचो, शंभरपर्यंत, दोनदा. मॅडमनी पहिली गोष्ट काय केली असेल तर ते बंद करायला लावलं. दहाच्या काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या दिल्या, पाच जुड्या तीन काड्या, आधी जुड्या लिही मग काड्या, मग त्याला नाव दे. दोन महिने फक्त काड्या. माझी आई म्हणायची, एवढे पैसे घेऊन काड्या मोजायला शिकवते काय ती बाई.

गणोबा

ते २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन', 'पन्नास तीन' घातलं तेव्हा काय गदारोळ झाला होता आठवतंय का? विनोद, मीम्स, विधानसभेत टोमणे. गणित समितीच्या मंगला नारळीकर बाई समजावून थकल्या की जोडाक्षरं टळतात, आणि जुनी नावं काढलेली नाहीत, नवीन सोबत दिलीयत. तेव्हा मीही ढीगभर मीम्स फॉरवर्ड केली होती, तिखटमीठचं वाचून जरा लाज वाटली.

खिडकीजवळ

गणोबा, मला तेव्हाही ते पटलं होतं, मैत्रिणींशी भांडले होते मी यावरून. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, तेवीस म्हणजे तीन आणि वीस. कन्नडमध्ये दशक आधी बोलतात, इंग्रजीतही वीसच्या पुढे तसंच. आणि वर एकोणतीस, एकोणचाळीस म्हणजे 'एक कमी तीस', ही तर वजाबाकी झाली. नेहमीच्या मुलाला हे सवयीने जमून जातं, ज्याला क्रम धरून ठेवायलाच त्रास होतो त्याला ती रोजची ठेच आहे.

अक्षरांचंही तसंच. अबोलीच्या मगर-भगरचं आणि धुळेकरांच्या घर-धरचं दुखणं एकच आहे बघा. म आणि भ, घ आणि ध, कागदावर लिहून बघा शेजारी शेजारी. फरक केवढा? डाव्या बाजूला शिरोरेषा जोडलेली की तुटलेली, आणि तिथे एक छोटा वळसा. तेवढंच. आपल्याकडे b आणि d च्या गोंधळाची इंग्रजी पुस्तकं वाचून शिक्षक ट्रेनिंग घेतात, आणि देवनागरीत मूल कुठे पडतं ते कुणी सांगत नाही. वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चार नंतर, हे पण तसंच. 'कि' लिहिताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते, कानाला आधी क ऐकू येतो.

(वर दोन इंग्रजी अक्षरं आली, संपादक मंडळ रागावू नका, पर्याय नव्हता.)

पाटीपेन्सिल

मी जि. प. शिक्षक, धडगाव तालुका, नंदुरबार. वाचत होतो, राहवलं नाही.

आमच्या पोरांच्या घरी पावरी बोलतात. पहिलीत पुस्तक मराठी. मराठी त्यांना परकी, आणि त्यावर वाचन चाचणी घेतली की निम्मा वर्ग 'अप्रगत'. मागे एक ट्रेनिंग झालं, चेकलिस्ट दिली, अध्ययन अक्षमतेची (समज असूनही वाचन, लेखन, गणित जड जाणारी) मुलं शोधा. मी प्रामाणिकपणे भरली तर सव्वीसपैकी अठरा मुलांना टिकमार्क. अठरा! केंद्रप्रमुख म्हणाले गुरुजी काहीतरी चुकलंय. चुकलेलं नव्हतं, प्रश्नच चुकीचे होते. 'सूचना समजत नाही' - सूचना मराठीत दिली तर नाही समजणार. मग त्याच सूचना पावरीत दिल्या (मला मोडकीतोडकी येते, पोरं हसतात), तेव्हा अठराचे तीन राहिले. त्या तिघांना खरंच मदत हवीये. त्यांच्यासाठी तालुक्याचे विशेष शिक्षक आहेत, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले, चांगला माणूस आहे, पण त्यांच्याकडे शाळा किती आणि रस्ते कसले हे इथल्यांना सांगून पटणार नाही. पावसाळ्यात तर विषयच सोडा. सायकॉलॉजिस्ट मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

खिडकीजवळ

गुरुजी, तुम्ही जे केलंत ते आमच्या कामाचं पहिलं पान आहे आणि आमच्यातले बरेच जण ते उलटून पुढे जातात. भाषा परकी असणं किंवा नीट शिकवलंच न जाणं, यांना अक्षमता म्हणायचं नाही, हा नियमच आहे. तीन नावं आली ती बरोबर वाटतायत, त्यांना घरच्या भाषेतही गोष्ट क्रमाने सांगायला, यमक ओळखायला जड जातंय का एवढं बघा. व्यनि (खाजगी निरोप) करते.

रीडिंगकर

इंग्लंडमधून. नाव रीडिंग आहे गावाचं, वाचनाशी संबंध नाही :) इथली पद्धत लिहिते, कुणाला उपयोग झाला तर.

माझा धाकटा चार वर्षांचा होईपर्यंत फार कमी बोलायचा. नर्सरीच्या मार्फत कौन्सिलच्या (आपल्याकडच्या नगरपालिकेसारखं) एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट आल्या. इथे त्या कौन्सिलच्या नोकर असतात, तीन वर्षांची डॉक्टरेट करून मगच ती पदवी लावता येते, रजिस्टरवर नाव नसताना स्वतःला तसं म्हणवून घेतलं तर गुन्हा. आम्हाला वाटलं पेटी घेऊन येतील चाचण्यांची. बाई आल्या आणि मुलांच्या त्या वीतभर खुर्चीवर, पाण्याच्या टेबलाशेजारी, सकाळभर बसल्या. वहीत लिहीत होत्या. तो कुणाकडे बघतो, हवं ते कसं मागतो, रांगेत उभं राहायला सांगितल्यावर दुसऱ्यांचं बघून उभा राहतो की ऐकून. मग मला विचारलं, घरी कुठली भाषा? मी ओशाळून म्हटलं, आम्हाला एका हेल्थवाल्या बाईंनी सांगितलं होतं की फक्त इंग्रजी बोला, म्हणून वर्षभर आम्ही घरात तोडकं इंग्रजीच बोलतोय. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, तुम्हाला ज्या भाषेत गाणी येतात त्या भाषेत बोला. त्या रात्री किती महिन्यांनी 'अडगुलं मडगुलं' म्हटलं मी.

इथे २०१४ चा कायदा आहे, मुलाला कुठली मदत द्यायची त्याचा लेखी प्लॅन करून देतात, सगळी प्रक्रिया वीस आठवड्यांत संपवायची असा नियम. नियम आहे म्हटलं, होतंच असं नाही म्हटलं. सायकॉलॉजिस्ट कमी, रांगा लांब, आमचा प्लॅन यायला वर्ष उलटलं. तेव्हा तिकडे सगळं सोनं आहे असं समजू नका.

आजोबा५८

काड्यांच्या जुड्या आम्हीही वापरायचो हो, त्यासाठी सायकॉलॉजिस्ट नव्हता लागत. बरं ते असू द्या. माझा खरा मुद्दा वेगळा आहे. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. नववीपर्यंत ज्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही असा मुलगा दहावीच्या ऑक्टोबरात सर्टिफिकेट घेऊन येतो, जादा वेळ, लेखनिक, गणित सोपं. आणि कोण येतात? ज्यांचे आईबाप गाडीतून येतात तेच. गॅरेजमध्ये कामाला जाणाऱ्या पोराचा बाप कधी आला नाही सर्टिफिकेट घेऊन. ह्याला काय म्हणायचं?

खिडकीजवळ

ह्याला अन्यायच म्हणायचं, आजोबा. यावर माझं तुमच्याशी भांडण नाही.

थोडा इतिहास सांगते कारण तो आपल्याच राज्याचा आहे. १९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमतेच्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका न मोजणं, दुसरी भाषा सोडून त्याऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि कार्यानुभव. केंद्राच्या कायद्यात हे यायला २०१६ उजाडलं, दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आली. म्हणजे वीस वर्षं आधी आपण होतो. पण तपासायची सोय मुंबईच्या सायन, केईएम, नायर अशा मोठ्या हॉस्पिटलांत, आणि माहिती इंग्रजी शाळांत. मग गॅरेजवाल्याच्या पोरापर्यंत ते पोचणार कसं? त्याला आपण नापास करून मोकळे.

आणि दहावीच्या ऑक्टोबरात सर्टिफिकेट आणणाऱ्यांत काही खोटे असतील, मला माहितीय, मी दोन पालकांना परत पाठवलंय, एकाने तर माझी तक्रार केली. पण बरेचसे असे असतात की हुशारीच्या जोरावर पाठांतराने आठवी गाठलेली असते आणि मग अभ्यास एवढा वाढतो की पाठांतर पुरत नाही. मुली तर विशेष. शांत बसतात, अक्षर छान काढतात, कुणाच्या लक्षात येत नाही.

अबोली, सर्टिफिकेट ही वेगळी गोष्ट आहे हे पण लक्षात घ्या. ते एकटा सायकॉलॉजिस्ट देत नाही, सरकारी हॉस्पिटलचं बोर्ड देतं. २०१८ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासतात, अठराचं मग कायमचं. पण मदत सुरू करायला सर्टिफिकेट लागत नाही, आठ वर्षं पूर्ण व्हायची वाटही बघायची नसते. हे दोन वेगळे रस्ते आहेत, लोक दुसऱ्यासाठी थांबून पहिला घालवतात.

मनमौजी

आमच्या सोसायटीत एक जण बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी, करिअर, शिकायची पद्धत सगळं सांगतात. साठ पानी रंगीत रिपोर्ट. सहा हजार घेतले. ते करून बघा, मुलाला त्रास नाही काही.

तिखटमीठ

मनमौजी, अहो ठशांवरून आधार कार्ड मिळतं, बुद्धी नाही :D

खिडकीजवळ

कृपया नको. ठशांवरून बुद्धी, डोळे बांधून वाचायला शिकवणं, 'मिडब्रेन' जागा करायचे क्लास, यातल्या कशालाही शास्त्राचा आधार नाही. सहा हजार गेले ते गेले, पण साठ पानांत 'तुमचा मुलगा कायनेस्थेटिक लर्नर (हालचालीतून शिकणारा) आहे' वाचून आईबाप वर्षभर खऱ्या मदतीला उशीर करतात, माझा राग त्यावर आहे.

कुणाकडेही जाताना आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला असतो, स्पेशल एज्युकेटरला असतो. दोन दिवसांचा कोर्स करून काउन्सिलरची पाटी लावणारे गल्लोगल्ली आहेत. आणि विचारा की रिपोर्ट दिल्यावर तुम्ही शाळेशी बोलाल का. जो 'नाही' म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका, माझं स्पष्ट मत. रिपोर्ट फाईलला लावायला नसतो. वर्गशिक्षिकेने सोमवारी सकाळी काय वेगळं करायचं हे त्यात नसेल तर तो रद्दी.

अवांतर: आकडेच हवेत असं म्हणणाऱ्या पालकांना मी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगते. १९०५ मध्ये पॅरिसात त्याने पहिली चाचणी केली ती शाळेत कुणाला जास्तीची मदत लागेल ते शोधायला, नंबर लावायला नव्हे. तीच चाचणी व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात आपल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, बिने-कामत म्हणून अजून वापरतात. नागपूरला मालिन यांनीही भारतीय मुलांसाठी एक बसवली, १९६९ ची. आणि आपल्या पुण्यात आप्पा पेंडसे मानसशास्त्रातले, १९६२ ला ज्ञान प्रबोधिनी काढली, ती मात्र हुशार मुलांसाठी. म्हणजे हे पाश्चात्त्य खूळ नव्याने आलेलं नाहीये, नव्वद वर्षं झाली. जुन्या चाचण्यांचे प्रश्न आजच्या मुलांना कधीकधी गमतीदार वाटतात हे वेगळं, म्हणूनच नुसत्या आयक्यूच्या आकड्यावर काही ठरवायचं नसतं.

फोंड्याची_बाय

मी गोव्यात शिक्षिका. आमच्या शाळेत काउन्सिलर आठवड्यातनं दोन दिवस येते, बाकी दिवस दुसऱ्या शाळेत. मुलं तिला 'खेळाची टीचर' म्हणतात कारण तिच्या खोलीत लुडो आहे. लुडो खेळताना पोरं काय काय बोलतात ते ती म्हणते चाचणीत येत नाही. फक्त एक अडचण, स्टाफरूममध्ये काही जण शिक्षेसारखं वापरतात तिला. 'गप्प बस नाहीतर काउन्सिलरकडे पाठवीन.' मग कोण जाणार हो तिच्याकडे खुशीनं.

धुळेकर

फोंड्याची बाय, अगदी. पोराच्या शाळेतही हेच.

अबोली ताई, काय ठरलं?

अबोली२

मंडळी, दीड महिन्याने येतेय. सगळ्यांना एकत्र लिहिते, माफ करा, मोठं होणार आहे.

झालं असेसमेंट. नवऱ्याला धुळेकरांची पोस्ट वाचायला दिली. वाचली आणि काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी म्हणाला मी पण येतो. तीन शनिवार गेलो. पहिल्या दिवशी लेक गाडीतून उतरायलाच तयार नव्हता, इंजेक्शन देणार वाटलं त्याला. मॅडमनी आत बोलावलं नाही, बाहेरच जिन्यात त्याच्याशेजारी बसल्या आणि विचारलं, लिफ्ट कशी केलीस ते सांगशील? वीस मिनिटं दोरा, कप्पी, खोका... मग स्वतःच उठून आत गेला.

रिपोर्ट नऊ पानांचा. समज वयापेक्षा पुढे, वाचन पहिलीच्या शेवटासारखं. मी आकडे वाचत होते तर मॅडमनी पान उलटवलं, म्हणाल्या हे बघा आधी. त्यांनी त्याला एक शाब्दिक गणित वाचायला दिलं होतं, सोडून दिलं त्याने. तेच दहा मिनिटांनी दुसऱ्या गणितांमध्ये मिसळून मॅडमनी वाचून दाखवलं, त्याने तोंडी उत्तर दिलं, बरोबर, वर 'हे सोप्पं होतं' म्हणाला. म्हणजे एवढी वर्षं गणितात कमी पडतोय म्हणून क्लास लावलेला तो कशाचा होता?

खिडकीजवळ, तुमच्या सल्ल्याने विचारलं होतं, शाळेशी बोलाल का. बोलल्या. बाईंशी, मुख्याध्यापिकांशी, मी पण होते. बाई चांगल्या आहेत पण म्हणाल्या, माझ्याकडे अठ्ठेचाळीस आहेत, एकासाठी वेगळं कसं करू. मॅडम म्हणाल्या, वेगळं नका करू, प्रश्नपत्रिका एकदा मोठ्याने वाचून दाखवा सगळ्या वर्गाला, बघा कितीजणांना फायदा होतो. आणि त्याला अचानक उठून मोठ्याने वाचायला लावू नका, आदल्या दिवशी सांगा कुठला परिच्छेद. पहिलं सुरू झालंय. दुसरं बाई कधी विसरतात, त्या दिवशी घरी आल्यावर कळतंच, दप्तर फेकतो.

घरी ताटलीत रवा पसरून अक्षरं काढतो. भ आणि ध ला त्याने नाव ठेवलंय, 'गळक्या छपराची घरं'. म आणि घ चं छप्पर पक्कं. अजूनही चुकतो हां, कालच 'मात' खाल्ला. पण आता लिहून झालं की बोट ठेवून छपरं तपासत जातो एकेक. वेळ लागतो खूप. पाच ओळींना अर्धा तास. मॅडम म्हणाल्या दोन वर्षं धरून चाला, आणि तरी तो झरझर वाचणारा होईलच असं सांगत नाही मी. ते ऐकून नवरा गप्प झाला होता, मग गाडीत म्हणाला, निदान खोटं तरी नाही बोलली.

साबांचा अजून विश्वास नाही. पण रवा त्याच काढून देतात डब्यातून.

खर्चाचं व्यनिमध्ये विचारलंय दोघातिघांनी, सगळं मिळून साडेआठ हजार झाले, रेमेडियलचे (वाचन-लेखनाच्या खास शिकवणीचे) महिन्याचे वेगळे. जड जातंय. गणिताचा क्लास बंद केला त्यातून थोडं निघतं.

तिखटमीठ

'मात' खाल्ला :D :D गोड आहे ग. अपडेट देत राहा.

पाटीपेन्सिल

गळक्या छपराची घरं वर्गात वापरली आज. आमच्या पोरांना गळकं छप्पर समजावून सांगावं लागत नाही. तिघांपैकी एकीने लगेच विचारलं, मग श चं छप्पर कसं. श चं काय सांगायचं ते मला सुचलं नाही. खिडकीजवळ?

खिडकीजवळ

गुरुजी, श चंही अर्धं उघडंच की, पण ते तिलाच ठरवू द्या. ती काय म्हणते ते इथे लिहा.

नाशिक_रोड

धागा वाचून काढला सगळा. मुलगी पहिलीत, अक्षरं उलटी काढते, बाकी ठीक. नाशिकमध्ये कुणी माहितीय का चांगलं? आत्ताच दाखवू का थांबू?

खिडकीजवळ

पहिलीत उलटी अक्षरं बरीच मुलं काढतात, त्यावरून घाबरू नका. कान-डोळे तपासा, रोज दहा मिनिटं तुम्ही तिला वाचून दाखवा, आणि दिवाळीनंतर शाळेतून एक वही घेऊन तिच्याच जूनच्या वहीशेजारी ठेवून बघा. फरक दिसत नसेल तर व्यनि करा.